असाटीग की कंबरलँड: तंबू कुठे ठोकायचा?

समुद्र, तंबू आणि मोकाट घोडे हे तिन्ही एकाच ठिकाणी हवे असतील, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दोन नावं हमखास पुढे येतात. एक मेरीलँड-व्हर्जिनियाच्या हद्दीवरचं असाटीग, दुसरं जॉर्जियाचं कंबरलँड. दोन्ही बॅरियर आयलंड, किनाऱ्याला समांतर पसरलेली वाळूची लांबट बेटं. फोटोत सारखीच दिसतात. पण असाटीगला पूल आहे, कंबरलँडला नाही, आणि निवड खरं तर इथेच होते.

आई-बाबा भारतातून आलेत, मुलं लहान आहेत? मग फार विचार न करता असाटीगला जा. वॉशिंग्टनहून साधारण तीन तास, आणि गाडी थेट कॅम्पसाइटजवळ लागते. चहा-पोह्यांचं सामान, खुर्च्या, कूलर, सगळं डिकीत. घोडे शोधावे लागत नाहीत, तेच तंबूंमधून फिरतात. त्यांच्यापासून बारा मीटर लांब राहायचा नियम आहे. खाणं टेबलावर उघडं ठेवलंत तर गेलंच समजा. गाडीत बंद करा. सावली मात्र जवळजवळ नाही, उन्हाळ्यात डास फोडून काढतात, आणि वाऱ्यापुढे साध्या खुंट्या टिकत नाहीत, वाळूसाठीच्या लांब खुंट्या न्या. कॅम्पिंग फक्त मेरीलँडच्या बाजूला आहे. १८६७ चं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह व्हर्जिनियाच्या टोकाला, आणि बेटावरून तिकडे रस्ता नाही. तासाभराहून मोठा वळसा पडतो. इथे एकेकाळी प्लॉट पाडून वसाहत उभी राहणार होती. मार्च १९६२ च्या वादळानं तो बेत मोडला आणि १९६५ मध्ये हा नॅशनल सीशोर, म्हणजे सरकारनं राखलेला राष्ट्रीय किनारा, झाला. वाळूच्या टेकाडांतल्या पायवाटेवर त्या वेळच्या डांबरी रस्त्याचे तुकडे अजून दिसतात. मुलांना ते जरूर दाखवा.

दोघंच असाल, किंवा पाठीवर सामान घेऊन चालायची तयारी असेल, तर माझं मत ठामपणे कंबरलँडला. सेंट मेरीज गावातून फेरीबोटीनं पाऊण तास. गाडी नेता येत नाही, बेटावर दुकान नाही. खाणं सोबत न्यायचं, कचरा परत आणायचा. दिवसाला मोजकीच माणसं सोडतात, म्हणून अठ्ठावीस किलोमीटरच्या या बेटावर शांतता टिकून आहे. सी कॅम्पला धक्क्यापासून थोडंसं चाललं की पोचता. तिथे लाइव्ह ओक या सदाहरित झाडांच्या वेड्यावाकड्या फांद्या डोक्यावर इतक्या दाट विणल्यात की दुपारीसुद्धा तंबूवर नुसते उन्हाचे ठिपके पडतात. त्या झाडीतून बाहेर आलात की समोर एकदम उघडा समुद्रकिनारा. रॅकून मात्र पक्के चोर आहेत, खाणं पेटीत ठेवा.

इतिहासातही कंबरलँडच पुढे. पोलाद उद्योगातल्या कार्नेगी कुटुंबाचा डंजनेस वाडा १९५९ मध्ये जळाला. त्याच्या भिंती उभ्या आहेत आणि आसपास घोडे चरतात. पण उत्तर टोकाला कृष्णवर्णीयांच्या वस्तीतलं १८९३ पासूनचं छोटं लाकडी चर्च मला त्या वाड्याहून जास्त मोलाचं वाटतं. पायी ते फार लांब पडतं, व्हॅनची सहल आधी ठरवा.

कुत्रा सोबत असेल तर कंबरलँडचा प्रश्नच मिटला, फेरीवर घेत नाहीत. असाटीगला मेरीलँडच्या बाजूला पट्ट्यासह चालतो. जुलै-ऑगस्ट दोन्हीकडे टाळा. कंबरलँडला फेरी आणि कॅम्पसाइट यांचं बुकिंग वेगवेगळं असतं, तेव्हा दोन्हीकडे एकाच तारखा मोकळ्या आहेत हे पाहूनच पैसे भरा.