फ्लॅगशिप वर्कस्टेशनचे पैसे नेमके कशाचे?

वर्कस्टेशन म्हणजे आवाज, इफेक्ट, ड्रम्स आणि रेकॉर्डिंग एकाच पेटीत देणारा कीबोर्ड, आणि फ्लॅगशिप म्हणजे कंपनीचं त्यातलं सर्वांत वरचं मॉडेल. दुकानात अशा महागड्या वर्कस्टेशनसमोर उभं राहून पहिला टोन, म्हणजे साठवलेला तयार आवाज, वाजवला की निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. तो पहिला टोन मुद्दाम तसा बांधलेला असतो. पियानो, त्याला चिकटून स्ट्रिंग्ज, डाव्या हाताखाली आपोआप फिरणारा बास, आणि या सगळ्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या हॉलसारखा घुमारा, इतका सढळ हाताने ओतलेला की एका बोटाने वाजवलं तरी आपण थोर वाटायला लागतो. तोच टोन रिहर्सलला गिटार आणि ड्रम्सच्या मधे नेला की नुसता रेंदा होतो. म्हणून मी आधी सगळे इफेक्ट बंद करते, एकच साधा पियानो उघडते आणि मग स्वतःला विचारते: याच कंपनीच्या निम्म्याहून कमी किमतीच्या मॉडेलमध्ये नाही असं यात काय आहे?

आवाजापुरतं बोलायचं तर बहुतेक वेळा उत्तर "फारसं काही नाही" असं येतं. हे ऐकून लोक नाराज होतात, पण आकडेच बघा. यामाहाचा मोंटाज २०१६ मध्ये आला आणि त्याचं धाकटं भावंड मॉडएक्स २०१८ मध्ये. दोघांच्या पोटात सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले स्वर, तेच, ५.६७ जीबी. सॅम्पलवर चालणाऱ्या इंजिनाचे एका वेळी १२८ स्वर, तेही दोघांत सारखेच. फरक एफएम इंजिनात, म्हणजे रेकॉर्डिंग न वापरता गणिताने आवाज घडवणाऱ्या भागात: मोंटाजमध्ये १२८ स्वर, मॉडएक्समध्ये ६४. पुढे २०२२ च्या मॉडएक्स प्लसमध्ये तोही फरक गेला. एका मित्राने मला पाठ करून बसवलं आणि दोन्हींवर तोच पियानो वाजवला. पाचपैकी तीनदा मी चुकले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं.

मग वरचे पैसे जातात कुठे? हाताखाली जातात. ते कानाला लगेच कळत नाहीत, म्हणून दुकानात त्यांचा अंदाज येत नाही.

एक प्रसंग घ्या. गाण्याचं शेवटचं कडवं संपतंय, डाव्या हाताने स्ट्रिंग्जचा कॉर्ड धरलाय, आणि पुढच्या मात्रेला ऑर्गन हवा आहे. उजव्या हाताने बटण दाबायचं, पण स्ट्रिंग्ज तुटता कामा नयेत. त्यांची शेपटी हळूहळू विरली पाहिजे आणि तिच्यावरच ऑर्गन सुरू झाला पाहिजे. मोंटाजमध्ये हे आठ पार्टपर्यंतच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या आठ आवाजांपर्यंतच्या, टोनला जमतं, मॉडएक्समध्ये चार पार्टपर्यंत. कागदावर हा अगदी किरकोळ फरक. पण ज्याने सहा पार्टचा भरगच्च लेअर बांधला आहे आणि तो ऐन कार्यक्रमात कचकन तुटताना ऐकला आहे, त्याला हा एकच मुद्दा निम्म्या किमतीचा वाटतो. घरी बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याला याचं काडीचंही महत्त्व नाही.

दुसरी गोष्ट आफ्टरटच. पट्टी तळाला टेकल्यावर आणखी दाब दिला की स्वर फुलतो, थरथरतो किंवा उजळतो. मोंटाजमध्ये तो आहे, मॉडएक्समध्ये नाही. रोलँडकडेही तेच चित्र: २०१९ च्या फँटममध्ये आफ्टरटच आहे, २०२२ च्या फँटम-० मध्ये नाही. खरं तर या दोन फँटमांचं नातं मोंटाज-मॉडएक्ससारखंच आहे. झेन-कोअर हे मूळ इंजिन दोन्हींत आहे, सोळा झोन, म्हणजे एकाच वेळी पट्ट्यांवर मांडता येणारे आवाज, दोन्हींत आहेत. धाकट्यातून गेलं ते आफ्टरटच, अॅनालॉग फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारं खरं सर्किट), व्ही-पियानो हे रोलँडचं पियानोचं इंजिन आणि मागचे व्यावसायिक साउंड सिस्टिमला जोडायचे एक्सएलआर जॅक. यातला व्ही-पियानो सोडला तर बाकीच्यांची उणीव भासायला वाजवणाऱ्याला त्यांची सवय असावी लागते. पियानो आणि ऑर्गनवर ज्याचा सगळा कार्यक्रम निघतो, त्याला आफ्टरटच नसल्याचा पत्ताही लागणार नाही. ब्रासच्या ओळी आणि सोलो लीड वाजवणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी डाव्या हाताने सारखं मॉड्युलेशन व्हील, म्हणजे स्वर थरथरवायचं चाक, शोधावं लागेल.

तिसरी गोष्ट म्हणजे पट्ट्या. ८८ पट्ट्यांच्या मोंटाजला आणि ८८ पट्ट्यांच्या मॉडएक्सला वेगवेगळी हॅमर यंत्रणा आहे, आणि अर्धा तास हळू वाजवल्यावर बोटं ती ओळखतात. पाच मिनिटांत ओळखत नाहीत. दुकानदार कितीही घाई करो, अर्धा तास मागून घ्या.

आता उलट बाजू. ८८ पट्ट्यांच्या मोंटाज ८ चं वजन २९ किलो, मॉडएक्स ८ चं १३.८. फँटम ८ चं २७.७ किलो, आणि फँटम ०८ त्याच्या जवळपास निम्म्याने हलका. २९ किलो म्हणजे केस धरून दोन माणसांचं ओझं. जिना असेल तर दोन माणसं आणि एक भांडण. जास्त पैसे मोजून जास्त ओझं विकत घेण्याचा हा प्रकार मी केलेला आहे, त्याबद्दल शेवटी सांगते.

"आवाजात फारसा फरक नाही" या माझ्या म्हणण्याला २०२३ च्या मोंटाज एमने थोडा तडा दिला. त्यात एएन-एक्स हे व्हर्च्युअल अॅनालॉग, म्हणजे जुन्या सर्किटवाल्या सिंथेसायझरची नक्कल करणारं, इंजिन वेगळं आलं, सोळा स्वरांचं. शिवाय ८८ पट्ट्यांच्या एम८एक्समध्ये पॉलिफोनिक आफ्टरटच आहे, म्हणजे कॉर्ड धरून त्यातला एकच स्वर दाबून फुलवता येतो. हे खरंच वेगळं आहे. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी एकाच कॉर्डवर वीसेक मिनिटं घालवली. पण इथे एक खाच आहे. ते फक्त एम८एक्समध्ये आहे. छोट्या एम६ आणि एम७ मध्ये साधा, सगळ्या पट्ट्यांना एकत्र लागू होणारा आफ्टरटच आहे. व्हिडिओ बघून भारावलेला माणूस वजन कमी म्हणून एम६ घेऊन येतो आणि ज्यासाठी गेला तीच गोष्ट दुकानात ठेवून येतो.

कोर्गचंही असंच. २०११ च्या क्रोनॉसमध्ये नऊ वेगवेगळी इंजिनं होती: पियानो, इलेक्ट्रिक पियानो, ऑर्गन, अॅनालॉग, एफएमच्या जातीचं, तार छेडल्यासारखा आवाज देणारं वगैरे. २०२० च्या शेवटी जाहीर झालेल्या नॉटिलसमध्ये तीच नऊ आहेत, पण स्लायडर गेले आणि आफ्टरटचही गेला. तो २०२३ मध्ये 'एटी' आवृत्तीत परत आला. नऊ इंजिनांच्या विविधतेत आजही कोर्गला तोड नाही असं माझं मत आहे, पण नॉटिलस सेकंडहँड घेत असाल तर नावापुढे ती दोन अक्षरं आहेत का ते बघा.

मग येतो लॅपटॉप. "एवढ्या पैशांत चांगला लॅपटॉप, सॉफ्टवेअर आणि कंट्रोलर कीबोर्ड येईल" हा युक्तिवाद प्रत्येक चर्चेत असतो, आणि तो अर्धा खरा आहे.

खरा अर्धा भाग असा. १९८८ मध्ये कोर्ग एम१ आला तेव्हा आवाज, इफेक्ट, ड्रम्स आणि आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर (वाजवलेलं साठवून थरावर थर चढवत गाणं बांधायची सोय) एकाच पेटीत मिळणं ही मोठी गोष्ट होती. तेव्हाच्या घरगुती संगणकाला ते झेपत नव्हतं. आज तोच एम१ सॉफ्टवेअर म्हणून मिळतो. गाणं बांधण्याचं काम कधीच संगणकावर गेलं. खुद्द यामाहाने २०१६ मध्ये मोंटाज आणला तो मोटिफ या आपल्या आधीच्या फ्लॅगशिपसारख्या पूर्ण सिक्वेन्सरशिवाय. जुने मोटिफवाले भडकले, आणि २०१९ च्या अपडेटमध्ये पॅटर्न सिक्वेन्सर द्यावा लागला. तरी कंपनीचा कल त्यातून कळतोच. सॅम्पलच्या आकाराचंही तसंच: मोंटाज एमच्या पोटात साधारण १० जीबी, तर संगणकावरची एकटी पियानो लायब्ररी त्याहून कितीतरी मोठी असू शकते. घरी बसून पार्श्वसंगीत करणाऱ्याने, जो कधी स्टेजवर जात नाही, त्याने फ्लॅगशिप का घ्यावं याचं पटेलसं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

उरलेला अर्धा भाग हिशोबाचा. लॅपटॉपवाले कंट्रोलरची किंमत नेहमी स्वस्तातली धरतात. मोंटाज किंवा फँटमच्या तोडीच्या पट्ट्या हव्या असतील तर तो कंट्रोलर स्वस्त नसतो. त्यात ऑडिओ इंटरफेस (संगणकाचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारी पेटी), केबल्स, स्टँड आणि चार-पाच सॉफ्टवेअरचे परवाने मिळवा. बेरीज धाकट्या भावंडाच्या पुढे सहज जाते. शिवाय पट्टी दाबणं आणि आवाज येणं यातला वेळ. संगणक आवाज छोट्या तुकड्यांत तयार करून पाठवतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० मोजमापं (इथे सॅम्पल म्हणजे असं एक मोजमाप) धरली तर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, हाताला कळतही नाही. लायब्ररी जड झाली, आवाज तुटायला लागला आणि बफर ५१२ वर नेला की १०.७ मिलिसेकंद, वर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. पॅड, म्हणजे हळूहळू उमलणारे लांब स्वर, वाजवताना चालतं. जलद पियानोत बोटं चिखलात रुतल्यासारखी वाटतात.

एकदा ऐन कार्यक्रमात माझी यूएसबी केबल सैल झाली. इंटरफेस गायब, सॉफ्टवेअरला तो पुन्हा सापडेना, शेवटी सगळं बंद करून परत चालू केलं. चार मिनिटं. तोवर गायकाने दोन किस्से सांगितले, त्यातला एक मी आधी तीनदा ऐकलेला. हे सांगून वर्कस्टेशन म्हणजे अभेद्य असं मला सुचवायचं नाही. क्रोनॉस आतून लिनक्सवर चालणारा, इंटेल अॅटमचा संगणकच आहे, आणि सुरू व्हायला त्याला दोन मिनिटांहून जास्त लागतात. वीज एक क्षण गेली तरी ती दोन मिनिटं स्टेजवर काढावी लागतात. छोटा यूपीएस दोन्ही पक्षांनी ठेवावा.

यात एक नवी गंमत झाली आहे. मोंटाज एमच्या मालकांना आता त्याचंच सॉफ्टवेअर रूप संगणकासाठी मिळतं. घरी संगणकातल्या त्या रूपावर, म्हणजे प्लगइनवर, टोन बांधायचा आणि तोच स्टेजवर न्यायचा. दोन पक्षांतली भिंत कंपन्याच पाडतायत.

सेकंडहँडबद्दल मी सर्वांत उत्साही आहे. नवं मॉडेल आलं की आधीच्या फ्लॅगशिपचा भाव उतरतो, आणि त्यातले चांगले भाग, म्हणजे पट्ट्या, जॅक, स्लायडर आणि सांगाडा, तसेच राहतात. म्हणजे ज्या गोष्टींसाठी जास्तीचे पैसे द्यायचे, त्याच जुन्यात स्वस्त मिळतात. पण तपासा. प्रत्येक पट्टी एकेक करून आधी अगदी हळू, मग जोरात वाजवा. पट्टीखालच्या रबरी कॉन्टॅक्टवर धूळ बसली असेल तर एखादी पट्टी हळू दाबूनही खणखणीत वाजते. बारा पट्ट्यांत एक अशी निघाली तर सफाईचा खर्च भावातून वजा करून घ्या. टच स्क्रीनचे चारही कोपरे दाबून बघा. आफ्टरटच जुन्यात घट्ट झालेला असतो, तो तळपट्टीपासून वरपर्यंत तपासा. क्रोनॉस असेल तर शांत खोलीत पंख्याचा आवाज ऐका, रेकॉर्डिंगला तो नडतो. एम१ इतकं जुनं काही घेत असाल तर आतली बॅटरी संपली की साठवलेले टोन पुसले जातात, हे लक्षात ठेवा.

नवं असो की जुनं, मी दुकानात आणखी दोन गोष्टी करते. पियानोची खालची एकच पट्टी दाबून धरते आणि स्वर पूर्ण विरेपर्यंत ऐकते; सॅम्पल लूपमध्ये गेलं, म्हणजे रेकॉर्डिंगचा तोच छोटा तुकडा फिरून फिरून वाजायला लागला, की स्वर विरता विरता एकसुरी गुणगुणायला लागतो, आणि ते एकदा ऐकू आलं की पुढे ऐकू येतच राहतं. मग फिल्टर थोडा बंद करून तो बदल सेव्ह करायचा. किती वेळा बटण दाबावं लागलं ते मोजते. माझी मर्यादा सहा. त्याहून जास्त लागले तर मी ते यंत्र कधी शिकणार नाही, कंपनीच्या तयार टोनवरच जगणार, आणि तयार टोनच वाजवायचे तर धाकटं भावंड पुरे.

आता माझं. मी ८८ पट्ट्यांचं फ्लॅगशिप नवंकोरं घेतलं होतं, आणि पाच वर्षं जपलं. त्या काळात सिक्वेन्सर दोनदा उघडला. सॅम्पलिंग एकदा, तेही घरातल्या कुकरच्या शिट्टीचं. ते विकायला काढलं तेव्हा एक साधा हिशोब मांडला: विकत घेतलेली किंमत वजा आत्ता मिळणारी किंमत, आणि जे उरलं त्याला भागलं स्टेजवर घालवलेल्या रात्रींनी. भागाकार करून जो आकडा आला, तेवढ्यात तेच मॉडेल एका रात्रीसाठी भाड्याने मिळत होतं, आणि उचलणारी माणसंही त्यांचीच. आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम वाजवणाऱ्याचा हाच भागाकार एकदम वेगळा निघेल. त्याने बिनधास्त फ्लॅगशिप घ्यावं, आणि शक्य झालं तर आधीच्या पिढीतलं.

माझ्याकडे सध्या ६१ पट्ट्यांचं धाकटं भावंड आहे, एका हाताने उचलता येतं. वर्षातल्या ज्या चारेक रात्री आफ्टरटच आणि न तुटणारे टोन हवेच असतात, त्या रात्री मी मोठं भाड्याने मागवते आणि माझे टोन पेनड्राइव्हवर घेऊन जाते.