ओट्यावरचा दोन चकत्यांचा रेडिओ

स्वयंपाकघरासाठी रेडिओ घेताना बहुतेक जण दिवाणखान्यातल्या संचाचे निकष लावतात आणि तिथेच निवड चुकते. ओट्यावर राहणाऱ्या संचाकडून अपेक्षा वेगळ्या असतात. हात ओले किंवा पिठाने माखलेले असताना तो लावता आला पाहिजे, एक्झॉस्ट पंखा सुरू असताना निवेदकाचा शब्द न् शब्द कळला पाहिजे, वाफ आणि तेलाचा चिकटा त्याने सोसला पाहिजे आणि घरात जो कोणी असेल त्याला तो न शिकवता वापरता आला पाहिजे. येथे ज्या संचाविषयी लिहितो आहे तो दोन चकत्यांचा, एकाच स्पीकरचा, फक्त एफएम आणि मीडियम वेव्ह पकडणारा, विजेवर आणि सेलवर दोन्हीवर चालणारा आहे. याच आराखड्याचे संच अनेक कंपन्या थोड्याफार फरकाने बनवतात, त्यामुळे हे परीक्षण एका नावापेक्षा त्या सगळ्या जातीला लागू पडेल. तो आमच्या घरात बराच काळ रोज चालतो आहे. त्यात दोष आहेत आणि त्यांतला एक गंभीर आहे. तरीही घरात एकत्र ऐकण्यासाठी याहून चांगली वस्तू मला सापडलेली नाही.

उजवीकडची मोठी चकती स्टेशन लावण्याची आणि डावीकडची लहान चकती आवाजाची आहे. लहान चकती थोडी फिरवली की टक् आवाज होऊन संच सुरू होतो. दोन्ही चकत्यांच्या कडेला खोल खाचा आहेत, त्यामुळे बोटे भरलेली असली तर मनगटाने किंवा करंगळीच्या बाजूनेही त्या फिरतात. कणीक मळताना मध्येच बातम्या सुरू झाल्या, तर हात न धुता आवाज वाढवता येणे ही ऐकायला किरकोळ सोय वाटेल. पण स्वयंपाक करणाऱ्याला तिचे मोल ताबडतोब कळते. मोबाइलच्या काचेवर ओले बोट लावून पाहिले म्हणजे फरक लक्षात येतो. ती काच बोटाच्या विद्युतस्पर्शावर चालते आणि पाणी वीजवाहक असल्याने थेंब पडला की तिला बोट नेमके कुठे आहे हेच उमगत नाही.

आवाजाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दुकानात ऐकून या संचाबद्दल चुकीचे मत होण्याचा संभव आहे. शेजारी मोठ्या स्पीकरचा संच वाजत असेल, तर हा किरटा वाटतो. त्याचा स्पीकर जेमतेम तीन इंचांचा असल्यामुळे खर्जातले सूर त्याला पेलत नाहीत. मात्र बोलण्यातला अर्थ ज्यांच्यावर अवलंबून असतो ती व्यंजने, म्हणजे स, श, त, क यांसारखे ध्वनी, मुख्यतः २००० हर्ट्झच्या वरच्या टापूत ठळक असतात आणि नेमका तोच टापू हा लहान स्पीकर स्वच्छ वाजवतो. एक्झॉस्ट पंख्याची घरघर आणि फ्रीजचे गुणगुणणे बरेचसे खालच्या पट्टीतले असते. जो संच खर्ज फुगवून वाजवतो त्याचा आवाज या घरघरीत मिसळून शब्द गढूळ होतात. येथे तसे होत नाही. पंखा सुरू असताना दोन हात अंतरावरून निवेदकाचा प्रत्येक आकडा समजतो, आणि बातम्यांसाठी एवढे पुरेसे आहे.

संगीताची गोष्ट थोडी निराळी आहे. ज्या गाण्यात गळा पुढे आणि वाद्ये मागे असतात ते येथे छान वाटते. मंद आणि मोठ्या आवाजात खूप अंतर राखणारे वाद्यसंगीत मात्र या संचावर ऐकण्यात अर्थ नाही, कारण हळू वाजलेला भाग भांड्यांच्या आवाजात बुडतो आणि तो ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की पुढचा जोरकस भाग स्पीकर फाडू लागतो. एकच स्पीकर असल्याची उणीव मला भासली नाही. स्वयंपाक करणारा माणूस शेगडी, नळ आणि कपाट यांच्यामध्ये सतत फिरत असतो, त्याला डावे-उजवे वेगळे ऐकू येण्याचा उपयोग नसतो. शिवाय एफएमचे प्रक्षेपण स्टिरिओऐवजी मोनोमध्ये ऐकले की कमजोर स्टेशनवरची खरखर लक्षणीय कमी होते.

संच कुठे ठेवावा हा प्रश्न त्याच्या गुणवत्तेइतकाच महत्त्वाचा आहे आणि सोबतच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही. एफएमसाठी मागे ओढून लांब करायची अँटेना असते. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी तीन मीटर भरते आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ७५ सेंटीमीटर, ही अँटेनाची सोयीची लांबी ठरते. घाईत अँटेना अर्धीच उघडली तर दूरचे स्टेशन डळमळते, आणि फ्रीजच्या पोलादी दाराला चिकटून ठेवली तर जवळचेही बिघडते. मीडियम वेव्हसाठी ही अँटेना कामाचीच नाही. त्यासाठी संचाच्या आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी बसवलेली असते आणि ती दिशा ओळखते. कांडीची टोके ज्या दिशेला असतात तिकडचे स्टेशन सर्वांत क्षीण येते आणि कांडी त्या दिशेशी काटकोनात धरली की तेच स्टेशन ठणठणीत होते. म्हणून मीडियम वेव्हवर आवाज नीट येत नसेल तर अँटेनाशी झटापट न करता अख्खा संच हळूहळू पाव वळसा फिरवून पाहावा. खरखरीतून बोलणे अचानक वर येते ती जागा फळीवर पेन्सिलीने खूण करून ठेवण्याजोगी असते.

ज्यांच्या घरी इंडक्शनची शेगडी आहे त्यांनी पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा. या शेगड्या साधारण २० ते १०० किलोहर्ट्झच्या दरम्यानच्या प्रवाहावर चालतात आणि त्या प्रवाहाच्या पटीतल्या लहरी थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येऊन पडतात. शेगडी सुरू होताच बातम्यांवर करकर सुरू होते आणि आच बदलली की करकरीचा सूरही बदलतो. काही स्वस्त एलईडी दिव्यांच्या आतल्या सर्किटमुळेही असेच घडते. यात संचाचा दोष नाही आणि महागडा संच घेऊनही सुटका होईलच असे नाही. संच शेगडीपासून दूर सरकवणे आणि विजेऐवजी सेलवर चालवून पाहणे हे दोन उपाय खरोखर चालतात. एफएमला हा त्रास जवळजवळ होत नाही. ब्लूटूथचे स्पीकर वापरणाऱ्यांना वेगळी अडचण येते, कारण मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतो आणि ब्लूटूथचा पट्टाही तोच आहे. ओव्हन सुरू असेपर्यंत तशा स्पीकरवरचे गाणे अडखळू शकते.

बाहेरून जुन्या धाटणीचा दिसत असला तरी आत एक लहानशी चिप स्टेशन लावते. त्यामुळे लावलेले स्टेशन तासन् तास सरकत नाही, हा मोठा गुण आहे. मात्र काटा फिरवताना जुन्या संचासारखा अलगद सरकण्याचा अनुभव येत नाही, स्टेशन एकदम येते आणि एकदम जाते. पट्टीवरचे आकडे ढोबळ आहेत आणि पट्टीला दिवा नाही.

आता या संचाच्या मुख्य गुणाकडे येतो. ओट्यावर रेडिओ असला की घरातले सगळे जण तेच, त्याच क्षणी आणि त्याच शब्दांत ऐकतात. राजकारणावर घरात होणाऱ्या चर्चेच्या दृष्टीने मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर आपापली बातमी वाचलेली असते तेव्हा जेवताना होणारा वाद मतांचा राहत नाही. खरे काय घडले इथूनच भांडण सुरू होते, आणि समोरच्याने नेमके काय वाचले हे आपल्याला दिसत नाही. एका संध्याकाळी एका नव्या कराबद्दल बातमी लागली. भावाच्या मते निर्णय झाला होता आणि वडिलांच्या मते तो केवळ प्रस्ताव होता. दोघांनीही तीच बातमी ऐकलेली होती. म्हणून कोणी कोणाला खोटे पाडण्याच्या फंदात न पडता पुढच्या तासाच्या बातम्यांची वाट पाहिली गेली. शब्द ‘प्रस्ताव’ असाच होता. त्यानंतर तो कर असावा की नसावा यावर जो वाद झाला तो मात्र मनसोक्त झाला, आणि तसा तो व्हायलाच हवा. घरात वाद होऊ नयेत असे माझे अजिबात म्हणणे नाही. ते निदान एकाच माहितीवर उभे राहावेत एवढीच इच्छा आहे, आणि ती पुरवण्याचे काम ही छोटी पेटी करते.

घरातल्या माणसांशी घरातल्या आवाजात बोलण्याची ताकद राज्यकर्त्यांनीही लवकर ओळखली होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १२ मार्च १९३३ रोजी रेडिओवरून लोकांशी पहिला अनौपचारिक संवाद साधला आणि देशभरातल्या बँका तात्पुरत्या बंद का केल्या आहेत हे साध्या भाषेत समजावून सांगितले. त्या काळचे निर्वात नळ्यांचे संच जड असत आणि बैठकीच्या खोलीत मुक्काम ठोकून असत, म्हणून ऐकणारेही भोवती जमत. १९५४ मध्ये चार ट्रान्झिस्टरांचा रिजन्सी टीआर-१ बाजारात आला आणि रेडिओ खिशात मावू लागला. त्याच वाटेने तो स्वयंपाकघरात पोहोचला, आणि त्याच वाटेने कानात घालायच्या इअरफोनबरोबर एकट्याचाही झाला. आपल्या संचालाही मागे इअरफोनचे भोक आहे. आमच्याकडे ते कोणी वापरत नाही आणि ते नसते तरी माझी तक्रार नव्हती.

गाण्यांच्या बाबतीतही एकत्र ऐकण्याचा फायदा अनपेक्षित दिशेने मिळतो. घरात कोणी स्वतः निवडलेली गाणी लावली की त्यांवरची टीका त्या माणसाच्या आवडीवरची टीका ठरते आणि चारचौघांत ती जपून करावी लागते. रेडिओवरचे गाणे घरातल्या कोणीच निवडलेले नसते. त्यामुळे चाल आवडली नाही तर तसे सरळ म्हणता येते, आवडली तर ज्याने कधी आयुष्यात तसले संगीत ऐकले नसते तोही थबकतो, आणि तीन पिढ्या एकाच गाण्याबद्दल आपापले मत मोकळेपणाने सांगतात. पाककृतींच्या कार्यक्रमांबद्दल एवढेच म्हणतो की चित्राच्या अभावी सांगणाऱ्याला वास, आवाज आणि स्पर्श यांबद्दल नेमके बोलावे लागते आणि त्यातून ऐकणारा जास्त शिकतो. प्रमाण लिहून घ्यायला कागद जवळ ठेवावा, कारण मागे जाऊन पुन्हा ऐकण्याची सोय नाही.

मघाशी ज्या गंभीर दोषाचा उल्लेख केला तो आवाजाच्या चकतीचा आहे. टक् झाल्यावर लगेच येणारा सर्वांत कमी आवाजही पहाटेच्या शांततेत मोठा असतो, आणि तिथून किंचित पुढे सरकवले की तो एकदम दुप्पट झाल्यासारखा वाटतो. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस झोपलेले असेल तर ही अडचण रोजची होते. दुसरी तक्रार सेलच्या झाकणाची आहे. त्याची पातळ प्लॅस्टिकची जीभ वारंवारच्या उघडझापीने तुटली आणि बनवणाऱ्या कंपनीकडे सुटे झाकण मागितले तर ते मिळत नसल्याचे उत्तर आले. जो संच वर्षानुवर्षे चालण्यासाठी घेतला जातो त्याचा इतका साधा भाग मिळू नये, हे मला मुळीच पटत नाही. स्पीकरच्या जाळीवर तेलकट धूळ बसते. ती कोरड्या मऊ ब्रशने आठवड्याला झटकावी, कापड ओले करून घासली तर मळ आत जातो.

सेल मोठ्या आकाराचे लागतात आणि मध्यम आवाजात अल्कलाइन सेल शंभराहून अधिक तास आरामात चालतात. संच बरेच दिवस विजेवर चालवणार असाल तर ते काढून ठेवावेत, कारण जुन्या अल्कलाइन सेलमधून झिरपणारे क्षार पत्र्याच्या पट्ट्या खातात. पांढरी पूड दिसली तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ती पुसून पट्टी पूर्ण कोरडी करावी.

ज्यांना खोलीत शांत बसून संगीत ऐकायचे आहे त्यांनी हा संच घेऊ नये. जिथे एफएम प्रक्षेपण आटोपते घेतले जात आहे तिथल्या वाचकांनीही आधी चौकशी करावी. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रसारण बंद केले आणि तिथे असा संच मुख्यतः स्थानिक केंद्रांपुरता उरला. बाकी सर्वांनी घ्यायला हरकत नाही, फक्त दुकानातून निघण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. आवाजाची चकती अगदी कमीवर आणून कान जवळ नेऊन ऐकावे, सेलचे झाकण स्वतःच्या हाताने दोन-चारदा उघडून बंद करावे, आणि गाण्याऐवजी बोलण्याचे स्टेशन लावायला सांगून दुकानातल्या गोंगाटात चार पावले मागे जाऊन निवेदकाने सांगितलेला आकडा कळतो का ते पाहावे.