लेकीच्या डोक्यातला शंट: ३ वर्षं वापरून झाल्यावर

मोबाईल, मिक्सरचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, मी व्हीपी शंटचा लिहितेय (मेंदूत साठलेलं जादा पाणी कातडीखालून पोटात सोडणारी नळी, मध्ये प्रवाह सांभाळणारा व्हॉल्व), कारण आमच्यावर वेळ आली तेव्हा मराठीत वाचायला काही म्हणजे काही सापडलं नव्हतं.

लेक २९व्या आठवड्यात झाली, मेंदूत रक्तस्राव, मग डोक्यात पाणी. वजन कमी म्हणून आधी नुसता रिझर्व्हॉयर (डोक्याच्या कातडीखालची छोटी डबी) बसवला आणि एनआयसीयूत दर एक-दोन दिवसांनी सुईने पाणी काढायचे. पहिलं पाणी कोकम सरबतासारखं, मग गुलाबी. रिपोर्टमध्ये प्रोटीन २१०. आता मोठ्या माणसात हे १५ ते ४५ असतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मुळातच जास्त असतं, पण हे मला तेव्हा कोण सांगणार, मी रात्रभर तो २१० आकडाच धरून बसले, की इतकं घट्ट पाणी त्या नळीतून जाणार कसं?

दोन किलो झाल्यावर शंट टाकला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पाचव्या आठवड्यात तो बंद पडला त्यात कंपनीचा दोष असेल असं मला वाटत नाही. टाळू फुगून टम्म, उलट्या, डोळे खाली वळलेले. परत ऑपरेशन. बाहेर काढलेली वरची, म्हणजे मेंदूतली नळी सर्जननी ट्रेमध्ये दाखवली. आतलं भोक जेमतेम सव्वा मिलिमीटरचं, आणि टोकाच्या बारीक छिद्रांत लालसर तपकिरी काहीतरी अडकलेलं, ओलं जावळ असावं तसं. मेंदूतलं पाणी ज्या झालरीसारख्या भागात तयार होतं ना, त्याचाच तो तुकडा, आणि त्याला साकळलेलं रक्त.

मी म्हटलं, सर, प्रोटीनमुळे ना? ते म्हणाले, ताई, चहात साखर कितीही घाला, गाळणी तुंबते का? तुंबते चोथ्याने. प्रोटीन विरघळलेलं असतं, त्याने पाणी फारसं घट्ट होत नाही. त्रास देतात त्या रक्ताच्या पेशी, गुठळ्या, असले तुकडे.

घरी येऊन शोधलं तर १९९६ सालीच इंग्लंडमध्ये प्रयोगशाळेत शंटमधून प्रोटीनचं पाणी सोडून बघितलेलं आहे, प्रवाह काही अडला नाही, रक्ताच्या पेशी घातल्या तेव्हा मात्र व्हॉल्वचं काम बिघडलं. तरी प्रोटीन कमी होईपर्यंत थांबू असं बऱ्याच ठिकाणी अजून सांगतात. थांबल्याने पाण्यातलं रक्तही कमी होतं ते बरंच, पण मग तसंच सांगा ना, आई-बाप आकडा बघून उगाच झुरतात. (इन्फेक्शन असेल तर गोष्टच वेगळी, जंतू सिलिकॉनला चिकटून बसतात, अँटिबायोटिक देऊनही बहुतेक वेळा सगळा शंट काढावाच लागतो.)

दुसऱ्या वेळी पाणी पिवळसर पण स्वच्छ होतं, प्रोटीन १८० होतंच. तोच सेट वरची नळी बदलून गेली ३ वर्षं चालतोय. एका पोरीवरून सिद्ध काही होत नाही, कळतंय मला. पाणी स्वच्छ असूनही शंट बंद पडतात, लहान मुलांत पहिल्या वर्षात दहातले साधारण चार.

ब्रँडचं म्हणाल तर महागाच्या मागे धावू नका. आपल्याकडचा छाब्रा शंट युगांडात १९५ मुलांमध्ये परदेशी महागड्या शंटशी ताडून बघितला, २००५ साली ते छापून आलं, वर्षभरानंतर निकालात म्हणण्यासारखा फरक नव्हता. प्रोग्रॅमेबल शंटचा फायदा असा की बाहेरून चुंबकाने व्हॉल्वचं प्रेशर बदलता येतं, पण नळीत गुठळी अडकली तर तो तरी काय करणार? शिवाय बऱ्याच मॉडेलना एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्यावं लागतं.

स्टार पाचपैकी साडेतीन. एक कापला तो प्रत्येक साध्या उलटीला सीटी करायची की नाही या टेन्शनसाठी, अर्धा कानामागच्या उंचवट्यासाठी, तिथे हेअरबँड टोचतो.

आणि हो, बॉक्सवरचं मॉडेल आणि बॅच नंबरचं स्टिकर फाईलला लावून घ्या, पुढच्या डॉक्टरला पहिलं तेच लागतं. आमचा बॉक्स ओटीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात गेला होता, सिस्टर नको नको म्हणत असताना यांनी हात घालून काढला.