आईचं बीपी, व्हिडिओ कॉल आणि आठ महिने

आई ७४ वर्षांची. शुगर, बीपी, गुडघे. आम्ही पुण्यात धायरीला, डॉक्टर डेक्कनला. दर महिन्याला सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून रिक्षा, मग तासभर बाकावर आणि आत जेमतेम पाच मिनिटं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "आजींना दर वेळी नका आणू, एक महिनाआड व्हिडिओवर बोलू."

वेळ वाचला, तो वाचणारच होता. फरक पडला तो बीपीत. दवाखान्यात ते कायम १६०च्या वर निघायचं, की गोळी वाढली. आता घरी मोजतो. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला, मिनिटभराने पुन्हा एकदा. आमचं मशीन आधी दवाखान्यात नेऊन तिथल्याशी ताडून घेतलं. आकडे कॅलेंडरच्या चौकटीत. पंधरा दिवस बघितलं तर १२६ ते १३६!

त्यातच, स्वतःच्या पलंगावर बसलेली असल्यामुळे असेल, आई बोलून गेली की सकाळी उठताना गरगरतं. दवाखान्यात "बरी आहे हो" याच्यापुढे कधी गेली नव्हती. डॉक्टरांनी कॅमेऱ्यासमोरच तिला उभं करून बीपी घ्यायला लावलं. १०८. एक गोळी त्याच दिवशी बंद.

ॲप मात्र डोकेदुखी. लिंक उघडत नाही, आवाज आला तर चित्र गोठतं. दोनदा शेवटी साध्या फोनवरच बोललो. फी तेवढीच, हेही पटत नाही. झोपेची गोळी मागितली तर डॉक्टरांनी साफ नकार दिला. मी चिडलो, मग कळलं की मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) नियमांत एनडीपीएस, म्हणजे अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या, कायद्याखालची औषधं अशी लिहून देताच येत नाहीत.

पावसाळ्यात आईच्या अंगठ्याला भेग पडली. फोन कितीही जवळ नेला तरी नीट दिसेना. "आत्ता घेऊन या." तिथे त्यांनी नायलॉनच्या तंतूने तळवा टोचून पाहिला. आईला दोन ठिकाणी काही कळलंच नाही. शुगरवाल्यांचे पाय प्रत्यक्षच दाखवा.

भोरकडच्या मावशीला तर ॲपही लागत नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या ताई ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून डॉक्टर जोडून देतात, फुकट. ही सेवा बनवली सी-डॅकने. या सरकारी संगणक संस्थेचं मुख्यालय पुण्यात, म्हणून तिचं नाव काढलं की पुणेकराची मान ताठ होते, पण हे काम त्यांच्या मोहाली केंद्राचं.

पुढच्या महिन्यात एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट घेऊन प्रत्यक्ष जायचंय. आईने आत्ताच बजावलंय, सकाळची पहिली वेळ घे.