से कॅथेड्रल, जुने गोवे : दहा मिनिटांत उरकण्याची वास्तू नाही

जुन्या गोव्याला जाणाऱ्या बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. गाडीतून उतरायचं, बॉम जिझस चर्चच्या रांगेत शिरायचं, सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी लांबून पाहायची, बाहेर येऊन शहाळं प्यायचं आणि मग रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या इमारतीकडे ‘आलोच आहोत तर’ म्हणून वळायचं. ती पांढरी इमारत म्हणजे से कॅथेड्रल. गोव्याच्या आर्चबिशपचं आसन इथे आहे, बॉम जिझसमध्ये नाही. आकाराने आणि बांधणीच्या दर्जाने या परिसरात पहिला मान हिचाच. तासभर हाताशी असेल तर पाऊण तास इथे आणि पाव तास तिकडे, अशी वाटणी करावी.

आधी वेळेचं. कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्वेला आहे. त्यामुळे सकाळी ऊन थेट त्याच्यावर पडतं आणि चुन्याचा पांढरा रंग, खिडक्यांच्या चौकटी, मधल्या दारावरचे खांब उठून दिसतात. दुपारनंतर सूर्य इमारतीच्या मागे जातो, समोरचा भाग सावलीत बुडतो आणि फोटोत नुसता करडा ठोकळा येतो. बॉम जिझसचं तोंड पश्चिमेला, तिचा तांबडा दगड उतरत्या उन्हात खुलतो. म्हणून सकाळी आठ-साडेआठला से कॅथेड्रल आणि दुपारी चारनंतर बॉम जिझस हा क्रम उत्तम. टूरच्या बसेस साधारण दहाच्या सुमारास यायला लागतात, त्याआधी आत शांतता असते. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, चालू असते. ती चालू असताना पर्यटकासारखं हिंडू नये, थांबायचंच असेल तर मागच्या बाकावर बसावं. प्रवेशाला तिकीट नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. समुद्रकिनाऱ्यावरून थेट येणारे इथेच अडतात, तेव्हा पिशवीत एक ओढणी किंवा शर्ट टाकून ठेवा. फोटोंचे नियम दाराशी लिहिलेले असतात, फ्लॅश मात्र कुठेच मारू नका.

आत जाण्याआधी हिरवळीवर, इमारतीपासून भरपूर मागे उभं राहा. काहीतरी चुकल्यासारखं वाटेल, आणि ते बरोबरच आहे. उजवीकडे चौकोनी मनोरा आहे, डावीकडे नाही. मुळात दोन्ही बाजूंना एकसारखे मनोरे होते. दक्षिणेकडचा १७७६ मध्ये कोसळला आणि तो पुन्हा कधी उभा राहिला नाही, कारण तोवर या शहरातूनच माणसं निघून चालली होती. रोगराईने जुने गोवे रिकामं होत गेलं आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला गेला. आज चर्चभोवती जी मोकळी हिरवळ दिसते, तिथे कधीकाळी दाट वस्तीचं शहर होतं. मोठ्या युरोपीय कॅथेड्रलभोवती गल्ल्या, बाजार, कॅफे यांची दाटी असते, इथे ती नाही. त्यामुळे इमारत आहे त्याहून लहान भासते. शेजारी मापाला काही नसल्याने डोळा फसतो. दाराशी उभ्या असलेल्या माणसाची उंची डोळ्यांत धरून वर पाहत जा, म्हणजे सुमारे ११५ फूट म्हणजे काय ते कळेल. लांबी साधारण २५० फूट आणि रुंदी १८१ फूट आहे. ‘आशियातलं सर्वात मोठं चर्च’ असं गाईड बेधडक सांगतात. आशियातल्या मोठ्या चर्चांपैकी एक, एवढंच धरून चाला.

उरलेल्या मनोऱ्यात जी घंटा आहे तिला ‘सोन्याची घंटा’ म्हणतात. घंटा सोन्याची नाही. नादाच्या गोडीवरून नाव पडलं आहे. मनोऱ्यावर चढता येत नाही, तेव्हा ती खालूनच पाहायची. पोर्तुगीज घंटेचा आवाज मराठी माणसाला तसा परका नाही. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर तिकडच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, नाशिकच्या नारोशंकराची त्यातलीच.

आता या वास्तूचं मर्म, म्हणजे तिचा दगड. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, हा जांभा आहे. खाणीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीने तासता येणारा, आणि हवा लागली की घट्ट होणारा. पण तो सच्छिद्र असतो. उघडा ठेवला तर पावसाळ्यात पाणी पितो, आतली माती हळूहळू धुपते आणि चिऱ्याला खळगे पडत जातात. शिवाय त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून पोर्तुगीजांनी दोन उपाय केले. भिंती जांभ्याच्या बांधून वर चुन्याचा गिलावा दिला आणि जिथे नक्षी हवी तिथे दुसरा दगड वापरला. बॉम जिझसच्या दर्शनी भागातला काळा बेसाल्ट तर थेट वसईहून आणलेला आहे. चुन्याचा गिलावा ‘श्वास घेतो’ असं गवंडी म्हणतात ते खरंच आहे. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडू शकते. सिमेंट लावलं तर ओल आत कोंडते, दगड आतून सडतो आणि थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. चुना मात्र सतत देखभाल मागतो. पावसाळा संपला की काळे-हिरवे ओघळ दिसू लागतात, ते काढून नव्याने हात द्यावा लागतो.

हे माहीत असलं की समोरासमोरच्या दोन इमारती वेगळ्या दिसायला लागतात. से कॅथेड्रल पांढरी आहे कारण तिचा गिलावा राखला गेला. बॉम जिझस तांबडी आहे कारण १९५० च्या दशकात तिचा गिलावा काढून टाकला. जुनेपणा उघडा दिसावा हा त्यामागचा विचार. तेव्हापासून तिचा जांभा उघड्यावर भिजतो आहे आणि पुन्हा गिलावा द्यावा की नको हा वाद गोव्यात अजून चालू आहे. पर्यटकांना तांबडी इमारत ‘जास्त प्राचीन’ वाटते. प्रत्यक्षात से कॅथेड्रलचं काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि बॉम जिझसचं १५९४ मध्ये. बांधणाऱ्यांच्या मनात दोन्ही पांढऱ्याच होत्या.

से कॅथेड्रल पुरी व्हायला फार वेळ लागला. मुख्य इमारत १६१९ मध्ये झाली आणि आतल्या वेद्यांचं काम १६५२ पर्यंत चाललं. मधल्या दारावर कोरिंथियन खांब आहेत आणि त्यावरच्या लॅटिन लेखात पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव आणि १५६२ साल यांचा उल्लेख आहे. लॅटिन येत नसलं तरी रोमन आकड्यांतलं साल शोधून काढता येतं, मुलं बरोबर असतील तर हा उद्योग त्यांच्यावर सोपवावा. बाहेरची शैली तस्कन, म्हणजे साधी आणि जड. आतली कोरिंथियन, म्हणजे पानाफुलांची. बाहेरून रुक्ष वाटणाऱ्या इमारतीच्या आत एवढं सोनं असेल असं वाटत नाही, आणि हा फरक मुद्दाम केलेला आहे.

आत शिरल्यावर लगेच बाजूला वळू नका. मधल्या वाटेवर दारापासून चार-पाच पावलं आत जाऊन थांबा. बाहेरून आयताकृती दिसणारी इमारत आतून क्रूसाच्या आकाराची आहे हे इथून कळतं. मधलं दालन, दोन्ही बाजूंना कमी रुंदीची दालनं, त्यापलीकडे भिंतीलगत चार-चार चॅपेल, म्हणजे छोटी प्रार्थनागृहं. मधल्या दालनावर लांबलचक अर्धगोल छत आहे आणि क्रूसाचे हात जिथे मिळतात तिथे फासळ्यांचं छत आहे. सगळं वजन जाडजूड खांबांवर. युरोपातली गॉथिक कॅथेड्रल पाहून आलेल्यांना इथे रंगीत काचा नाहीत, आकाशात झेपावणाऱ्या टोकदार कमानी नाहीत, म्हणून थोडं ओकंबोकं वाटतं. कोलोनच्या कॅथेड्रलचे १५७ मीटरचे मनोरे डोळ्यांत ठेवून इथे आलात तर निराशाच व्हायची. इथला परिणाम उंचीतून येत नाही. तो पांढऱ्या भिंतींवर पसरणाऱ्या स्वच्छ उजेडातून आणि टोकाला एकाच ठिकाणी साठवलेल्या सोन्यातून येतो. भिंती जितक्या कोऱ्या, तितकं ते सोनं जास्त दिसतं.

ते सोनं म्हणजे मुख्य वेदीमागची कोरीव लाकडी भिंत, सोन्याचा मुलामा दिलेली. हे कॅथेड्रल अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरिनला वाहिलेलं आहे, कारण पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकलं तो दिवस, २५ नोव्हेंबर १५१०, तिच्या सणाचा होता. म्हणजे भक्तीइतकंच हे विजयाचं स्मारक आहे. गोवा कोणाकडून आणि कशा प्रकारे घेतलं गेलं हे विसरून इथली भव्यता पाहू नये. वेदीवरच्या फलकांत कॅथरिनची कथा आहे. ती आधी वाचून गेलात तर फलक बोलू लागतात. कथेनुसार तिने सम्राटाने बोलावलेल्या पन्नास पंडितांना वादात हरवलं. मग तिला खिळ्यांच्या चाकावर मारण्याचं ठरलं, पण चाकच मोडलं. शेवटी तलवारीने शिरच्छेद झाला आणि देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला. चाक आणि तलवार या दोन खुणा शोधा, म्हणजे ती कुठेही ओळखता येईल. वेदीमागची ही भिंत खूप उंच आहे आणि वरचे फलक नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. छोटी दुर्बीण असेल तर जरूर आणा. इथे ती समुद्रावरच्यापेक्षा जास्त कामाला येते.

बाजूच्या चॅपेलपैकी सगळी सारख्या तोलाची नाहीत. दोन चुकवू नका. एक पवित्र साक्रामेंताचं, जिथे सोनेरी काम भिंतीभर पसरलं आहे. दुसरं चमत्काराच्या क्रूसाचं. या क्रूसावर १६१९ मध्ये ख्रिस्ताचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे आणि तो वाढत राहतो असंही भाविक मानतात. इथे नवस बोलायला येणारे असतात, त्यांच्यामध्ये कॅमेरा घालू नका. या चॅपेलसमोरच्या लाकडी जाळ्यांचं कोरीवकाम जवळून पाहण्यासारखं आहे. प्रवेशाजवळचं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. ते १५३२ चं आहे, म्हणजे इमारतीहून जुनं. सेंट फ्रान्सिस झेवियर ते वापरत असे असं सांगतात.

तक्रारीही आहेत. आतली माहिती फारच त्रोटक आहे. कुठलं चॅपेल कोणाचं हे आधी वाचून गेल्याशिवाय कळत नाही. बाहेर भेटणाऱ्या गाईडपैकी काही चांगले आहेत, काहींचा भर भुयारांच्या आणि खजिन्यांच्या गोष्टींवर असतो. ठरवण्याआधी ‘डावा मनोरा कधी पडला?’ एवढं विचारा, साल आलं तर पैसे सत्कारणी लागतील. आवारात पायऱ्या आहेत आणि पार्किंगपासून बरंच चालावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना दुपारचं ऊन टाळा.

डिसेंबरचा पहिला आठवडा वास्तू पाहण्यासाठी निरुपयोगी. ३ डिसेंबरला झेवियरचं फेस्त असतं आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, तेव्हा सगळा परिसर मांडव, दुकानं आणि भाविकांनी भरलेला असतो. गर्दी आणि उत्सव हवा असेल तर मात्र तेव्हाच जा. दर दहा वर्षांनी झेवियरचे अवशेष बॉम जिझसमधून से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवले जातात. अलीकडचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. पुढचं दहा वर्षांच्या हिशेबाने २०३४ च्या आसपास धरायला हरकत नाही. वास्तूसाठी सर्वात चांगले दिवस जानेवारी-फेब्रुवारीतल्या कामाच्या वारांचे. पावसाळ्यातही इमारत सुंदर दिसते, पण आत उजेड कमी आणि फलक अंधारलेले.

मागच्या बाजूला लागूनच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आहे. त्याचं दार पहिल्या, १५२१ च्या चर्चचं आहे आणि त्यावरची मॅन्युएलिन (पोर्तुगालचा राजा मान्युएल याच्या काळातल्या शैलीची) नक्षी से कॅथेड्रलच्या शिस्तीच्या अगदी उलट, वळणावळणाची. आत जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा पाहा. शेजारच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, तिथे कदंबकालीन मूर्ती, वीरगळ आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं एकाच छपराखाली भेटतात. शुक्रवारी ते बंद असतं. त्या दिवशी येऊन दारावरून परत जाणारे नेहमी दिसतात.

यायला सोपं आहे. पणजीच्या कदंब स्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या बस जुन्या गोव्यावरून जातात, अंतर नऊ-दहा किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर रायबंदरवरून, मांडवीच्या काठाने या, रस्ता जुना आणि देखणा आहे. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक सर्वात जवळचं. मात्र सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तिकीट काढताना तपासा. दोन तास हाताशी उरले तर व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जाऊन दिवाडीची फेरी पकडा. बेट ओलांडून पुढच्या फेरीने नार्व्याला पोहोचता येतं, जिथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करवलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीज काळात ते पाडलं गेलं. फेरीच्या वेळा धक्क्यावर विचारून घ्या आणि परतीची शेवटची फेरी कधी, हे आधी पक्कं करा.