35 पाउंडी टेकडाउन रिकर्व्ह, सात महिन्यांनंतर: धनुष्य गुणी, दोरी अवगुणी

जानेवारीत या धनुष्याला दोन तारे दिले होते. आज चार करतोय. पाचवा मिळणार नाही, तो दोरीने खाल्लाय.

दिवाळीत घेतलं. टोकं पुढे वळलेलं (रिकर्व्ह), सुटं करता येणारं (टेकडाउन), 62 इंची, उजव्या हाताचं, साडेअकरा हजार, सोबत सहा कार्बन बाण ‘फ्री’. 2023 मध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी बर्लिनला जागतिक विजेतेपद मारलं, तेव्हापासून डोक्यात किडा होता. ती कंपाउंडवाली, म्हणजे चाकांच्या धनुष्याची. मी पन्नाशीत रिकर्व्ह घेतला तो हिशेब करून: चाकं नाहीत, नेम धरायची साइट नाही, मग बिघडणार काय? (लिंब म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन हात. फोनवर दुकानदार ‘लिंब चांगले आहेत सर’ म्हणाला, तेव्हा आईने आतून विचारलं, किलोला काय भाव.)

जागेचं सांगतो, कारण विचारणारे असतात. बोरामणीजवळ मेव्हण्याचं शेत आहे. विहीर खणताना निघालेल्या मातीचा दोन पुरुष उंच ढिगारा आहे, त्याच्यापुढे गोणपाट. गोणपाटात यंत्रमागाच्या चिंध्या ठासून भरल्यात. सोलापुरात चिंध्यांना तोटा नाही. बाण अडतो आणि दोन बोटांनी निघतो. या एका बाबतीत माझा एक रुपया गेला नाही.

पहिल्या दिवसापासून बाण शेपूट हलवत जायचा, मासोळीसारखा. बाराव्या पावलावरून सुद्धा दिसायचं. दुकानदाराला व्हिडिओ पाठवला. उत्तर: “सर, बो ओके आहे, तुमचा रिलीज चुकतोय.” रिलीज म्हणजे दोरी सोडणं. अहो, माझा रिलीज चुकत असेल, पण सहाच्या सहा बाणांना एकाच बाजूला शेपूट?

मग एका बाणाची प्लास्टिकची पाती ब्लेडने खरवडून काढली. पंधरा मीटरवरून तो उघडा बाण पातीवाल्यांच्या वीतभर डावीकडे बसला. उजव्या हाताच्या माणसाचा उघडा बाण डावीकडे गेला, म्हणजे बाण ताठ. बाणावर 500 लिहिलेलं, म्हणजे ठरलेल्या वजनाखाली अर्धा इंच वाकणारा; आकडा मोठा तितका बाण मऊ. तेही खरं की खोटं म्हणून घरी तपासलं: 28 इंचांवर दोन खिळे, त्यावर बाण, मधोमध 880 ग्रॅम भरेल इतक्या पाण्याची बाटली. जवळपास अर्धा इंच वाकला. आकडा खरा निघाला, म्हणजे बाण खोटा नव्हता, माझ्यासाठी चुकीचा होता. धनुष्याचे 35 पाउंड 28 इंच ओढीवरचे; मी ओढतो 27 इंच, म्हणजे हाताला 32-33 पाउंडच येतात. तेवढ्या जोराला हा बाण रायझरला (धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाला) वळसा घालण्याइतका वाकतच नाही, टक्कर देऊन जातो. त्यात प्लास्टिकची पाती. शेल्फवरून (रायझरवर बाण टेकतो त्या खाचेवरून) थेट मारायचं तर पिसं हवीत, ती दबून निघतात. प्लास्टिक शेल्फला आपटून बाणाला लाथ मारतं. फुकट मिळालेल्या वस्तूची ही कथा.

इथे माझीही एक चूक लिहून ठेवतो. बाण रायझरला घासतोय तर मधे गादी द्यावी, म्हणून जुन्या कोल्हापुरीचा चामड्याचा तुकडा साइडप्लेटला (बाण बाजूने टेकतो त्या पट्टीला) चिकटवला. बाण आणखी डावीकडे! जाड प्लेटने बाण मध्यापासून बाहेर ढकलला जातो आणि जास्तच ताठ वागतो, हे नंतर कळलं. चामडं काढून पातळ व्हेल्क्रो लावलं, तेव्हा निम्मा फरक तिथेच पडला.

मग 700 चे सहा बाण मागवले, पिसांचे, पूर्ण लांबीचे, 125 ग्रेनच्या टोकांचे. ग्रेन म्हणजे तराजूतला फसवा शब्द, म्हणून ओळखीच्या सराफाच्या काट्यावर टोकं तोलली. आठ ग्रॅमच्या आसपास, सहाही सारखी. आता उघडा बाण उजवीकडे जाऊ लागला, म्हणजे मऊ. हे बरं: मऊ बाण कापून ताठ करता येतो, ताठ बाण लांब करता येत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकाकडे बारीक डिस्कचा कटर आहे. तिथे तोंडाला फडकं बांधून पाव पाव इंच कापत साडेएकोणतीसवर आलो. कार्बनची धूळ वाईट, करवतीने तर चिरा पडतात, म्हणून हे घरी करू नका. एक उघडा बाण या भानगडीत ज्वारीत गेला तो सुगीला सापडला. बायकोला सापडला, त्यामुळे त्याची किंमतही तिला कळली.

मार्चच्या शेवटी उघडा आणि पिसांचा बाण एकाच पंजात. शेपूट बंद. तेव्हा पाच तारे द्यायला बसलो होतो.

एप्रिलमध्ये सगळं परत बिघडलं. उघडा बाण रोज थोडा खाली. शिवाय दोरीचा आवाज बदलला आणि मनगटावर वळ उठू लागले. मोजलं तर ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीचं अंतर) 7.75 इंचांवरून 7.25! डॅक्रॉनची दोरी ताणते हे माहीत होतं, पण सोबत आलेली ही दोरी काही थांबायला तयार नाही. उतरवून आठ-दहा पीळ वाढवले की 7.75, चार दिवसांनी पुन्हा सव्वासातकडे. सोलापूरचं ऊन हे कारण असेल म्हणून धनुष्य गाडीत ठेवणं बंद केलं (ते तसंही करू नये, उन्हात लिंबांचे थर सुटतात). सकाळी चहाआधी टी-स्क्वेअर लावून मोजायची सवय लागली. घरात कुणी बीपी मोजत नाही इतक्या नियमाने.

ब्रेस जागेवर आणली तरी बाण खालीच. म्हणजे नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची बांधलेली खूण) वर. मी तो खाली बांधायचो, आठवड्यात पुन्हा वर. दुकानदाराला दोरी बदलून मागितली. “दोरी कंझ्युमेबल आहे सर, वॉरंटीत येत नाही.” बावीस मिनिटं भांडलो. साडेचारशे रुपयांसाठी नाही, ‘कंझ्युमेबल’ या शब्दासाठी.

शेवटी उलगडा केला शेजारच्या अण्णांनी. चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस. कट्ट्यावर दोरीला मेण लावत बसलो होतो, तर त्यांनी हातात घेतली, मधल्या सर्व्हिंगवर (दोरी झिजू नये म्हणून तिच्यावर गुंडाळलेल्या धाग्यावर) अंगठा दाबून सरकवला. अख्खी सर्व्हिंग दोन मिलिमीटर वर गेली! खालच्या टोकाला उघडे धागे दिसत होते, मी महिनाभर बघून न बघितल्यासारखे केले होते. “ढिलं गुंडाळलंय की ओ हे,” अण्णा म्हणाले. “ताण न देता कांडी भरली तर असंच होतंय.” ओढताना बोटांच्या चिमटीत नॉक (बाणाची दोरीत बसणारी खाच) वर दाबलं जातं, आणि माझा नॉकिंग पॉइंट सर्व्हिंगसकट रोज वर चढत होता. मी मोजत होतो ब्रेस हाइट, हलत होतं भलतंच.

दोरी धनुष्यावर चढवलेलीच ठेवली. अण्णांनी जाड नायलॉनचा धागा एका कांडीवर घेतला, पहिले सात-आठ वेढे टोकावर चढवून दाबले, मग कांडी दोरीभोवती फिरवत नेली. प्रत्येक वेढ्याला धागा कुरकुरायचा. नखाने मागचा वेढा पुढच्याला भिडवायचे. अर्धा तास लागला. शेवटचं टोक वेढ्यांखालून ओढून घेतलं, आणि अंगठ्याने जोर लावला तरी हललं नाही. पैसे घेतले नाहीत, दोन बाण मारून बघितले. दुसरा माझ्यापेक्षा चांगला बसला.

बायकोच्या नेलपॉलिशची एक रेघ सर्व्हिंगच्या खालच्या टोकाला, उघड्या धाग्यांवर मारून ठेवलीय. साडेतीनशे बाण झाले, रेघ आणि सर्व्हिंग एकमेकांना चिकटून आहेत. दोरीचं ताणणंही आता बरंच कमी झालंय, आज सकाळी 7.6. नॉकिंग पॉइंट काटकोनापासून 11 मिलिमीटर वर. उघडा बाण पिसांच्या बाणापासून चार बोटं उजवीकडे, ते माझं. रिलीज खरंच चुकतोय थोडा.

रायझर, लिंब, बोल्ट यांना सात महिन्यांत काही झालं नाही. दोरी चढवायला स्ट्रिंगर (त्यासाठीची खास दोरी) वापरा, पाय घालून चढवू नका, एवढंच.

500 चे पाच बाण, प्लास्टिकच्या पात्यांसह, विकायचे आहेत. 45 पाउंडच्या आसपास ओढणाऱ्याने घ्यावेत. जुळे सोलापुरातून येऊन न्यावे लागतील, कुरिअरचा खर्च मी करणार नाही.