घरच्या घरी फ्रंट बेअरिंग बदलायचं पुलर किट : वापरून बघितलं, कसं आहे सांगतो

जुनी वॅगन आर आहे आमची, आणि आवाज सुरू झाला तो चोर्ला घाटातनं येताना. साठ-सत्तरच्या स्पीडला घूं घूं, उजवीकडचं वळण घेतलं की वाढायचा, डावीकडं वळलं की कमी. यावरनंच कळतंय कुठलं बेअरिंग गेलंय ते, कारण उजवीकडं वळताना वजन डाव्या चाकावर पडतंय, म्हणजे डावं गेलं. जॅक लावून एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा, आत खरखर असेल तर हाताला लागतंय. टायर खालवर झिजले तरी सेम आवाज येतो त्यामुळं आधी पुढचे टायर मागं टाकून बघा, उगाच बेअरिंगचा खर्च नको.

आता किटबद्दल. ऑनलाइन मागवलं, पेटीत एक जाड आट्याचा रॉड, वेगवेगळ्या मापाचे गोल कप आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) ओढायला स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाचा हातोडा). कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तसंच किट दहा नावांनी मिळतंय. याचा खरा फायदा असा की नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो धातूचा भाग) गाडीवरनं पूर्ण काढावा लागत नाही. ॲक्सलचा नट सोडायचा, कॅलिपर काढून तारेनं वर बांधायचा (ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका), डिस्क काढायची, खालचा बॉल जॉइंट सुटा केला की नकल बाहेर ओढून शाफ्ट मागं सरकवता येतो. नकल शॉकॲबसॉर्बरलाच राहतो, ते वरचे दोन बोल्ट हलत नाहीत म्हणून कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बिघडत नाही. गॅरेजमध्ये पूर्ण नकल काढून प्रेसवर नेतात आणि मग अलाइनमेंटचा खर्च वेगळा. मला किट आवडलं ते एवढ्यासाठीच.

नकलमधनं जुनं बेअरिंग काढायचं काम किट झकास करतंय. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी रिंग) आधी काढा, ती विसरून रॉड आवळत बसलात तर नकलच फुटेल. रॉडच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावायचं आणि लांब पान्यानं हळूहळू आवळायचं, इम्पॅक्ट गन अजिबात लावू नका, स्वस्त रॉडचे आटे लगेच जातात. आपल्याकडं पावसाळ्यात खानापूर बाजूला जाऊन येणाऱ्या गाडीची बेअरिंगची जागा गंजून बसलेली असते, त्यामुळं आदल्या रात्रीच गंज सोडवायचं स्प्रे मारून ठेवा.

नवीन बेअरिंग बसवताना मात्र घाई नको. नकलमध्ये ढकलताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) पडला पाहिजे, आणि नंतर त्यात हब घालताना मागनं आधार आतल्या रेसला पाहिजे. उलटं झालं तर सगळा जोर गोळ्यांमधनं जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत बोंबलायला लागतंय. लोक म्हणतात ना लोकल माल होता म्हणून गेलं, तर बऱ्याचदा माल चांगलाच असतो, बसवणाऱ्यानं हातोड्यानं मारून मारलेला असतो. मी बेअरिंग प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरला ठेवलं होतं, नकलची जागा पॉलिश पेपरनं साफ केली आणि किटचा कप बाहेरच्या रेसला लावला, सरळ गेलं.

किट जिथं कमी पडतं ते म्हणजे हब. हब ओढून काढला की बेअरिंगचा आतला अर्धा रेस हबलाच चिकटून येतो आणि तो काढायला या पेटीत काहीच नाही. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही, त्याबद्दल किटला मार्क कमी. छिन्नी लावू नका, हबवर चरा पडला तर नवा रेस नीट बसत नाही. मी हब घेऊन उद्यमबागला एका लेथवाल्या मामांकडं गेलो. बघितल्या बघितल्या म्हणाले, "हे ठोकून काढूलालास काय? दे इकडं," आणि ग्राइंडरनं रेसला एका बाजूनं कट मारून, हबला धक्का न लावता अलगद उडवला. पाच मिनिटांचं काम, पण हात पाहिजे त्याला. बेळगावात राहायचा हा एक मोठा फायदा आहे, फाउंड्री आणि मशीन शॉपची वस्ती जवळ असल्यामुळं असलं काम अडून राहत नाही.

बेअरिंग घेताना दुकानात गाडीचं नाव नुसतं सांगू नका, जुन्यावरचा नंबर दाखवा. त्यात माप असतंय, उदाहरणार्थ डीएसी ३४६४००३७ असेल तर आतला व्यास ३४, बाहेरचा ६४ आणि रुंदी ३७ मिलिमीटर. मी एसकेएफ घेतलं, पक्कं बिल घेऊन, कारण या नावाचा डुप्लिकेट माल बाजारात फिरतो. जयपूरच्या एनबीसीचं पण चांगलं असतंय. तुमच्या गाडीला एबीएस असेल तर बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची रिंग असते, ती बाजू सेन्सरकडंच आली पाहिजे.

शेवटी ॲक्सलचा नट. नवीनच वापरा आणि टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, अंदाजपंचे नको. नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडी चाकावर उतरवायची नाही, घरातल्या कुणालातरी ब्रेक दाबून बसवा आणि स्टँडवर असतानाच आवळा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही हात आत घालू नका, हे मी मनापासून सांगतोय.

पाचात चार मार्क देतो. एकाच गाडीचं एकदाच करायचं असेल तर किट घेण्यात अर्थ नाही, गॅरेजलाच द्या. घरात दोन-तीन जुन्या गाड्या असतील किंवा मित्रांमध्ये मिळून घेणार असाल तर पैसे वसूल. उजवं बेअरिंग मी बदललं नाही, ते गप्प आहे, जोडीनं बदलायची काही गरज नसते. तोवर किट पडूनच आहे, टिळकवाडी-शहापूर भागातल्या कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, फक्त रॉड पुसून ग्रीस लावून परत आणा.